उसाच्या कडेला घर असेल तर: बिबट्यापासून गोठा, खुराडं आणि लेकरं कशी सांभाळायची

आमच्या शेळ्यांच्या शेडला दार होतं, दाराला कडी होती, कडीला कुलूपही होतं. तरी सहा वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री दोन शेळ्या गेल्या. सकाळी पाहिलं तर दार जसंच्या तसं बंद. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळावी म्हणून दीड फुटाची मोकळी जागा ठेवली होती. मागच्या भिंतीला लावून सरपण रचलेलं होतं. त्या सरपणावर चढून बिबट्या आत उतरला, एक शेळी मारून तिथेच टाकली आणि दुसरी तोंडात धरून आला त्याच वाटेनं गेला. सरपण आम्हीच तिथे रचलं होतं.

तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यातल्या नात्यागोत्यातल्या वस्त्यांवर गेले की आधी गोठ्याला एक चक्कर मारते. बहुतेक ठिकाणी दार भक्कम आणि बाकी सगळं उघडं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. संगमनेर, अकोले, राहुरीपासून सिन्नर, निफाडपर्यंत ज्यांच्या घराला ऊस टेकलेला आहे, त्या सगळ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक गैरसमज काढून टाकूया

‘जंगलातून वाघ आला’ असं आपण म्हणतो. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, त्याला हरकत नाही. पण तो बहुतेक वेळा कुठून आलेला नसतो, इथेच राहत असतो. धरणं झाली, कालवे आले, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात असतो. तेवढ्या काळात बिबट्याचं पिल्लू स्वतःची शिकार करण्याइतकं मोठं होतं. त्याच्यासाठी उसाचा फड हेच घर आहे.

बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे जवळपास जंगल नाही, माणसांची वस्ती दाट आहे, तरीही १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ बिबटे आढळले. विष्ठा तपासून त्यांनी बिबट्याच्या खाण्याचा हिशेब मांडला, तेव्हा वजनाच्या मापानं ८७ टक्के खाणं पाळीव किंवा गावात राहणाऱ्या जनावरांचं निघालं. त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या गावात कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त होत्या, पण त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी, एवढाच त्याचा अर्थ. जे बंद असतं ते वाचतं.

दुसरा गैरसमज असा की पिंजरा लावला, बिबट्या धरून नेला की प्रश्न मिटला. जुन्नरनं हे भोगलेलं आहे. २००१ नंतर इथे मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दूर सोडले गेले. त्याआधी १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. एक गेला की त्याची रिकामी जागा दुसरा धरतो, आणि नेऊन सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो किंवा परत निघतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा माग काढता आला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या पकडायलाच हवा, त्यात दुमत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती. तिथल्या लोकांना ‘सहजीवन’ हा शब्द ऐकवायची माझी हिंमत नाही. पण पिंजऱ्याची वाट पाहत गोठा उघडा ठेवणं हा काही उपाय नव्हे. पिंजरा वनविभागाच्या हातात आहे, गोठ्याची भिंत आपल्या हातात आहे.

पहिलं काम: दिवेलागणीला घराभोवती चक्कर

काहीही विकत आणायच्या आधी हे करा. संध्याकाळी सातच्या सुमारास बॅटरी घेऊन घराभोवती फिरा. शक्यतो घरातलं एखादं मूल बरोबर घ्या, कारण बिबट्याची नजर त्याच्या उंचीची असते. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवरून काय दिसतं ते बघायचं. लपायला जागा कुठे आहे? गिन्नी गवताचा वाफा दाराला लागून आहे का? घाणेरी, बाभळीची झुडपं, पाचटाचा ढीग, जुनी ट्रॉली? चढायला काय आहे? भिंतीला टेकलेलं सरपण, पत्र्यावर झुकलेली फांदी, कडब्याची गंज?

घर आणि गोठा यांच्या चारी बाजूंनी निदान ३० फूट रान मोकळं ठेवा. तिथे ऊस, मका, हत्तीगवत नको. भुईमूग, मेथी, कांदा, लसूण घ्या. तीस फुटांतला ऊस गेल्याचं दुःख मला माहीत आहे, दोन गुंठेही माणूस सोडत नाही. पण बिबट्या उघड्यावरून धावत येत नाही. आडोशानं दबकत शक्य तितकं जवळ येतो आणि शेवटच्या काही पावलांत झेप घेतो. त्याची ती शेवटची पावलं आपल्याला उघड्यावर आणायची आहेत.

दुसरं: आपणच देत असलेलं आमंत्रण थांबवा

मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची, कालव्यात सोडायची ही सवय सगळीकडे आहे. पोल्ट्रीवाले तर पोतीच्या पोती टाकतात. त्यावर आधी कुत्री येतात, मग कुत्र्यांच्या मागे बिबट्या. मेलेलं जनावर, गाय-म्हैस व्याल्यावर पडलेला जार, मटणाचं उरलंसुरलं, सगळं निदान चार फूट खोल खड्ड्यात, वर चुना आणि माती. वस्तीवर दहा घरं असतील तर दहाही घरांनी हे करायला हवं. एकट्या घराच्या शहाणपणाचा इथे फारसा उपयोग नाही. पोल्ट्रीवाला ऐकत नसेल तर ग्रामसभेत विषय काढा.

कुत्र्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथे फार चूक होते. राखणीला म्हणून कुत्रा रात्री अंगणात साखळीनं बांधतात. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, झाडावर चढू शकत नाही, नुसता ओरडतो. बिबट्याला यापेक्षा सोपं काय हवं? कुत्रा रात्री जाळीच्या पिंजऱ्यात किंवा घरात. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो चांगला आहे, बिबट्या गळा धरतो तेव्हा जीव वाचू शकतो. पण तो जोडीला, बंद जागेऐवजी नव्हे.

तिसरं: गोठा

इथे हात सैल सोडून खर्च करा. शेळ्या-मेंढ्या, करडं, वासरं ही आधी बंद झाली पाहिजेत. मोठी म्हैस किंवा गाय बिबट्या सहसा अंगावर घेत नाही, पण तिच्या शेजारचं चार महिन्यांचं वासरू उचलतो. पैसे कमी असतील तर पूर्ण गोठा बंद करायच्या नादात अर्धवट सोडू नका. एका कोपऱ्यात लहान जनावरांपुरती पूर्ण बंद खोली करा. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट जागा लागते, त्या हिशेबानं दहा शेळ्यांना १० बाय १२ ची खोली पुरते.

बांधायचा क्रम असा ठेवा.

१. पाया जमिनीत दीड फूट. कोल्हा आणि भटकी कुत्री उकरून आत येतात. पाया खणणं शक्य नसेल तर भिंतीच्या बाहेरून जमिनीवर दोन फूट रुंद जाळी अंथरा, खुंट्यांनी ठोका आणि वर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगत उकरतं, तिथेच जाळी लागते.

२. त्यावर तीन ते चार फूट विटांची किंवा सिमेंट ब्लॉकची भिंत. भिंत यासाठी की बसलेली शेळी बाहेरून दिसू नये आणि जाळीतून पंजा घालून तिला ओरबाडता येऊ नये. आमच्या शेजाऱ्यांकडे खालपासून जाळीच होती. बिबट्या आत गेला नाही, पण जाळीला टेकून बसलेल्या दोन करडांचे पाय गेले.

३. भिंतीच्या वर छपरापर्यंत जाळी. चेनलिंक घेत असाल तर १० गेज, दोन इंची चौकट. ती नुसती तारेनं खांबाला बांधू नका. लोखंडी अँगलच्या चौकटीत ताणून, पट्टी लावून, नटबोल्टनं आवळा. सैल जाळी खालून उचलली जाते. कोंबडीची षटकोनी पातळ जाळी इथे अजिबात नको, ती पंजाच्या एका ओढीत फाटते.

४. वरचं झाकण. माझी चूक इथेच झाली होती. बिबट्या झाडावर शिकार घेऊन चढणारं जनावर आहे, सात-आठ फुटांची भिंत त्याच्यासाठी पायरी आहे. वर पत्रा असेल तर तो हुकांनी पक्का बसवा, दगड ठेवून नाही. भिंत आणि पत्रा यांच्यामधली मोकळी जागा जाळीनं बंद करा, पण ती पत्र्यानं किंवा ताडपत्रीनं गच्च करू नका. हवा कोंडली की मुताच्या वासानं शेळ्यांना न्यूमोनिया होतो आणि बिबट्यानं नेल्या नसत्या तेवढ्या त्यात जातात.

५. दार लोखंडी चौकटीचं आणि बाहेर उघडणारं. बाहेरून ढकललं तर ते चौकटीवर आणखी घट्ट बसतं. आत उघडणारं दार धक्क्यानं मोडतं. कडी वर एक आणि खाली एक. दाराखाली काँक्रीटचा उंबरा, आणि फट चार बोटांपेक्षा जास्त नको. जिथून डोकं जातं तिथून मांजराच्या जातीचं अंगही जातं.

६. गव्हाण आतून भरता येईल अशी किंवा भिंतीबाहेरून वैरण टाकायला छोटी खिडकी. रात्री वैरण टाकायला दार उघडावं लागू नये.

काम झालं की दिवसा आत जाऊन उभं राहा आणि दार बंद करा. जिथून मुठीपेक्षा मोठा उजेड येतो, तिथे खूण करा.

बाहेर दिवा असावा, हो. हालचाल झाल्यावर पेटणारा सौर दिवा सतत जळणाऱ्या बल्बपेक्षा चांगला, कारण तो अचानक पेटतो. पण उजेड, लुकलुकणारे दिवे, भोंगे, सगळ्यांना बिबट्या काही आठवड्यांत सरावतो. त्यांच्या जागा बदलत राहा आणि त्यांच्यावर विसंबून जाळी लांबणीवर टाकू नका. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, आपलं गाव त्यात बसतं का ते वनपालांना विचारा. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे हटतं, मरत नाही. खांबावरची लाईट थेट तारेत सोडणं ही मात्र वेगळीच गोष्ट. त्यात बिबट्याआधी आपलाच सालगडी, शेजाऱ्याचं पोर किंवा स्वतःची म्हैस मरते. फास आणि विष यांचंही तेच. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारल्यास ३ ते ७ वर्षांची कैद आहे.

चौथं: खुराडं

कोंबड्या गेल्या की सगळे बिबट्याचं नाव घेतात. बहुतेक वेळा तो नसतो. चोर कोण हे आधी ओळखा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी.

दिवसाढवळ्या, दुपारी सगळे झोपलेले असताना पिल्लं गेली तर मुंगूस. ते मानेला चावतं, अरुंद बिळातून जातं आणि एकावर थांबत नाही. रात्री आख्खी कोंबडी गायब आणि थोडी पिसं बांधापर्यंत सांडलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. छपराकडून आत येऊन अंडी आणि पिल्लं नेणारं उदमांजर. अंडी नाहीत, कवचंही नाहीत, कसलीच उसकटाउसकट नाही, तर साप. वरून झडप आली आणि एकच पिल्लू गेलं तर शिक्रा. खुराड्यात दहा कोंबड्या मारून तिथेच टाकलेल्या असतील तर पुष्कळदा गावातलीच कुत्री असतात.

या सगळ्यांना पुरून उरणारं खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, पायांवर उभं असतं. त्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, तळालाही तीच. एक इंची जाळीतून मुंगसाचं पिल्लू आणि साप दोघंही जातात. कडी अशी हवी की नाकानं किंवा पंजानं ढकलून उघडणार नाही. साध्या कडीत एक वाकवलेली तार अडकवली तरी भागतं. दिवसा पिल्लं डालग्याखाली, डालग्यावर दगड. अंडी सकाळ-संध्याकाळ दोनदा उचला, साप आणि उंदीर दोघंही कमी होतात. साप सापडला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सूर्य मावळायच्या आत खुराडं बंद करणं. आमच्याकडे हे काम थोरल्या मुलीचं आहे. ती मोजून कोंबड्या आत घेते आणि आकडा दारामागच्या पाटीवर लिहिते. आकडा चुकला की त्याच संध्याकाळी कळतं.

ठसेही बघायला शिका. ओल्या मातीत बिबट्याचा ठसा गोलसर, सात-आठ सेंटिमीटर रुंद आणि नखांची खूण नसलेला. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस या सगळ्यांची नखं उमटतात. मेलेल्या शेळीच्या गळ्यावर जवळजवळ दोन-चार दातांची खोल भोकं आणि पुढे ओढत नेल्याची खूण, हे बिबट्याचं काम. मागच्या मांड्या आणि पोट ठिकठिकाणी फाटलेलं असेल तर कुत्री. भरपाईच्या वेळी हा फरक फार कामाला येतो.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं: माणसं

बिबट्याला उभं माणूस शिकार वाटत नाही. वाकलेलं, बसलेलं, किंवा मुळातच लहान उंचीचं माणूस त्याला अर्धवट उजेडात चार पायांचं जनावर वाटू शकतं. हल्ल्यांच्या बातम्या आठवा: गवत कापणारी बाई, परसाकडे बसलेला म्हातारा, अंगणात खेळणारं पोर, चारीवर वाकून दारं मोडणारा, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवणारा शेतकरी. म्हणून नियम उंचीचे आणि वेळेचे आहेत.

दहा वर्षांखालचं मूल संध्याकाळी सहा ते सकाळी सात या वेळात एकटं उंबऱ्याबाहेर नको, अंगणातही नको. ‘मी इथेच भांडी घासतेय’ हे पुरेसं नाही. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. लघवीला जायचं तरी कुणीतरी सोबत, आणि संडास घरापासून लांब असेल तर तिथपर्यंत दिवा आणि मोकळी वाट. शाळेला जाताना मुलं घोळक्यानं, लहानगी मधे, सगळ्यात शेवटी मोठं मूल. वैशाखात कितीही उकडलं तरी ओट्यावर, पडवीत उघड्यावर झोपायचं नाही. घराच्या खिडकीला जाळी लावली की दार बंद ठेवूनही वारा मिळतो.

वैरण उन्हं वर आल्यावर कापा. पहाटे नको. बाया दोघी-तिघी मिळून, गप्पा मारत, कडेकडेनं आत जात कापा. एकदम मधे शिरू नका. मधूनमधून उभं राहून आजूबाजूला बघा. डोकं खाली घालून तासभर काम करणं हाच धोका आहे.

रात्रीचं पाणी हा आपल्या पट्ट्यातला खरा घाव आहे. आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईट रात्रीच येते आणि माणूस उसात उतरतो. दिवसा वीज मिळावी ही मागणी गावानं लावून धरायलाच हवी. तोपर्यंत: कधीही एकट्यानं नाही. डोक्याला बांधायची बॅटरी, हातात घुंगुरकाठी, मोबाइलवर मोठ्यानं भजन किंवा गाणी. माझे दीर गवळणी लावतात, त्या अर्ध्या शिवारात ऐकू येतात आणि तेच हवं असतं. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवला तर मोटर चालू-बंद करायची एक खेप वाचते. ठिबक असेल तर दारं मोडायला वाकावंच लागत नाही. दुचाकीवरून येताना उसाच्या अरुंद वाटेत वेग कमी, हॉर्न वाजवत, आणि मागे लेकरू बसवलेलं असेल तर ते दोघांच्या मधे. अनेक जण गळ्याला जाड मफलर गुंडाळतात. पिंपरखेडकडे लोकांनी खिळ्यांचे पट्टे गळ्यात घातले. भीतीपोटी घातले, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

ऊसतोडीचं वेगळं सांगायला हवं. नोव्हेंबर ते मार्च फड तुटत जातो, बिबट्याची लपायची जागा रोज कमी होते आणि नेमकी तेव्हाच बीड, पाथर्डी, जामखेडकडून आलेली कुटुंबं उसाच्या कडेला कोप्या ठोकून राहतात. पाचटाच्या कोपीला दार नसतं. आईबाप पहाटे चारला फडात, तान्हं लेकरू झोळीत, त्याच्याजवळ सात वर्षांची बहीण. ज्याचं रान तुटतं आहे त्या शेतकऱ्यानं आणि मुकादमानं हे आपलं काम समजावं: कोप्या मोकळ्या माळावर, उसापासून लांब, एकमेकींना लागून, मध्ये एक मोठा दिवा, आणि लेकरांसाठी निदान एक पत्र्याची बंद खोली. आमच्या वस्तीवर समाजमंदिर उघडून दिलं. सकाळी सातपर्यंत मुलं तिथे, एक म्हातारी बाई राखायला. खर्च काहीच आला नाही, फक्त कुणीतरी सुचवायला हवं होतं.

फड शेवटपर्यंत आला की चारी बाजूंनी तोडू नका. एक बाजू मोकळी सोडा, तिकडून तो निघून जातो. उसात पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटो काढायला उचलू नका. तिथलं काम थांबवा, सगळे मागे व्हा आणि वनविभागाला फोन करा. ते पिल्लं तिथेच खोक्यात ठेवतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर तपासून जातात आणि रात्री आई येऊन एकेक करून घेऊन जाते. पिल्लं घरी नेली तर ती मादी दोन-तीन रात्री वस्तीभोवती फिरेल, आणि चिडलेली असेल.

समोर आलाच तर

पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. बरोबर लेकरू असेल तर नजर बिबट्यावरच ठेवून लेकराला उचला. हात वर करा, टॉवेल किंवा पदर पसरा, मोठ्या आवाजात बोला आणि एकेक पाऊल मागे जा. त्याला निघून जायला वाट ठेवा; बहुतेक वेळा तोच आधी जातो. अंगावर आलाच तर मात्र शांत पडून राहायचं नाही. काठी, विळा, दगड, जे हाताशी असेल त्यानं नाकावर, डोळ्यांवर मारा, ओरडा आणि हनुवटी छातीशी दाबून गळा झाका.

तो गोठ्यात किंवा घरात शिरला असेल तर बाहेरून दार लावून घ्या, माणसं लांब न्या आणि १९२६ वर वनविभागाला कळवा. विहिरीत पडला असेल तरी तेच. अशा वेळी सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती गर्दीमुळे. घेरलेलं जनावर गर्दीतूनच वाट काढतं. पोलीस पाटलांनी आधी लोक हटवावेत, मोबाइलचं चित्रीकरण नंतर.

जखम झाली तर रक्त वाहत असलेल्या जागी स्वच्छ फडकं दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. रक्त थांबतं आहे असं दिसलं की वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. बिबट्या, कोल्हा, मुंगूस, रानमांजर, कुणीही चावलं किंवा ओरखडलं तरी रेबीजची लस घ्यायचीच, धनुर्वाताचं इंजेक्शनही. रक्त निघालं असेल तर जखमेभोवती द्यायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन त्याच दिवशी मागून घ्या. तालुक्याला नसेल तर जिल्हा रुग्णालयात न्या. लसीची एकही तारीख चुकवू नका. रेबीज झाल्यावर त्यावर औषध नाही.

जनावर गेलं तर: भरपाईसाठी

मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका, कातडं काढू नका. रडू येतं, लोक म्हणतात उचला, तरी थांबा. चारी बाजूंनी फोटो काढा, गळ्यावरच्या खुणांचा जवळून आणि ठशाशेजारी काडेपेटी ठेवून एक. ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपालांना कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. त्यांचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला, या दोन कागदांवर सगळं उभं असतं. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असायलाच हवा. नसेल तर मदत अडकते. आधारकार्ड, बँक पासबुक आणि सातबारा तयार ठेवा.

जनावराची भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, यात जे कमी असेल ते, अशी मिळते. माणूस दगावलं तर वारसांना २५ लाख रुपये आहेत, आणि जखमींनाही मदत आहे. ती मागायला संकोच करू नका. आमच्या पहिल्या दोन शेळ्यांपैकी एकीचेच पैसे मिळाले, कारण जी ओढून नेली तिचा काहीच पुरावा आम्ही ठेवला नव्हता. उसाच्या दुसऱ्या सरीत तिची कातडी आणि बिल्ला पडलेला आठ दिवसांनी सापडला. म्हणून पंचनाम्याला वनरक्षक आले की त्यांच्याबरोबर, दिवसा, तीन-चार जण मिळून ओढत नेल्याच्या खुणेवरून जाऊन शोधा. मेलेल्या जनावरावर तो पुढच्या रात्री परत येतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत तिथून सगळे घरी, आणि त्या रात्री गोठ्याच्या दोन्ही कड्या पुन्हा एकदा हातानं ओढून बघा.